चार आटे

त्यांना मोटरसायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणालाही वाटेल की या माणसाचा जन्म गाडीवरच गेला असेल. ते सायकलने यायचे. आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये परिचर होते. शिक्षण आठवी. उजव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसतच नव्हतं. तरुणपणी लॅबमध्येच ॲसिड उडालं होतं. "एका डोळ्यावर लायसन कोन देते बाप्पा?" एवढं म्हणायचे आणि तो विषय तिथेच संपायचा.

पोरं त्यांना मागून प्लगकाका म्हणत. आम्ही शिक्षक समोर काका म्हणायचो आणि मागून आम्हीही प्लगकाकाच.

मी त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि हे मी अजूनही जरा छाती काढूनच सांगतो. पण या माणसाबद्दल लिहायला बसलो की ती छाती आत जाते. माझ्या वडिलांच्या मरणाचा ठपका त्यांच्यावर बसला, आणि तो मी बसू दिला. माझ्या एका अर्जाने त्यांच्या हातातला पाना गेला. माझी माय इतकी वर्षं त्यांचं नाव निघालं की बोटं मोडत आली. खरं काय झालं ते तिला माहीत नव्हतं. मला होतं.

पण आधी माणूस सांगतो.

कॉलेजच्या स्टँडवर ते माणसांना ओळखायचे नाहीत, गाड्यांना ओळखायचे. "ऑफिसात कोण बसलं आहे काका?" असं विचारलं तर म्हणायचे, "ते नाई का, ज्याईची चैन लोंबते ते." सकाळी कोणी समोर आलं की तब्येत विचारायची सोडून "हवा पाह्यली का?" विचारायचे. शर्टाच्या खिशात जिथे आपण पेन लावतो तिथे त्यांचा दहा-बाराचा पाना असायचा. चैनीवरून बोट फिरवायचे, तेल आहे की नुसता चिखल ते पाहायचे आणि ते बोट सरळ स्वतःच्या केसांना पुसायचे. इंग्रजीच्या मॅडम एकदा शिसारी येऊन म्हणाल्या, "काका, अहो डोक्याला काय लावता!" तर म्हणाले, "मॅडम, तेलच आहे. चैनीले चालते त मले का होते?"

गाडी बिघडली म्हणून कोणी त्यांच्याकडे गेलं तर ते दुरुस्त करून देत नसत. पाना तुमच्या हातात द्यायचे आणि स्वतः दगडावर बसायचे. हिवाळ्यात खिशात तुरीच्या ओल्या शेंगा असायच्या, त्या सोलत बसायचे.

"प्लग काहाडा."

"मला नाही येत काका."

"गाडी तुमची, हात तुमचे. काहाडा."

प्लग निघाला की तो उजेडाकडे धरायचे आणि चांगला डोळा बारीक करून पाहायचे. त्याला ते गाडीची जीभ म्हणत. टोक टोस्टाच्या रंगाचं असलं की खूश. काळं, काजळी धरलेलं असलं की म्हणायचे, "पेट्रोल जास्त खाऊन राह्यली, हवा भेटून नाई राह्यली. फिल्टर कवा झटकलं होतं?" पांढरं पडलेलं असलं की गंभीर व्हायचे. "आतून तापते हे. तेल पाहा पहिले. मंग दुसरं."

आमचे मराठीचे सर एकदा भर उन्हात वीस मिनिटं किक मारत होते. शर्ट भिजला, चष्मा दोनदा खाली पडला. प्लगकाका दगडावर बसून पाहत होते. शेवटी सर ओरडले, "अहो, काहीतरी सांगा ना!"

"सांगतो नं. गाडी चालू नाई झाली त पहिले का पाहाचं?"

"काय पाहायचं?"

"पेट्रोल. मंग?"

"मंग काय?"

"मंग ते हँडलवरचं लाल बटन."

बटण बंद होतं. कोणत्या तरी पोराने जाता जाता दाबलं असणार. की खुद्द काकांनीच दाबलं होतं, याबद्दल स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले. मी दुसऱ्या पक्षात होतो.

एक किस्सा मात्र मला फार आवडतो. आमचे ग्रंथपाल आष्टीकडचे. कॉलेजच्या गावी, सेलूत, खोली करून राहायचे आणि दर शनिवारी गावी जायचे. त्यांची गाडी दर वेळी एकाच बाभळीपाशी बंद पडायची. पाच-दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुरू व्हायची. दोनदा झालं, चारदा झालं. मग त्यांनी तिथे नारळ फोडला. लिंबू ठेवलं. घरच्यांनी सांगितलं, बाभळीत काहीतरी आहे, रस्ता बदल. चांगले एम.लिब. झालेले ग्रंथपाल पंधरा किलोमीटरचा फेरा घेऊन जायला लागले, तर गाडी तिकडेही बंद पडली, एका मारुतीच्या देवळासमोर.

"मारुतीसमोर बंद पडली म्हंजे भूत लय पॉवरफुल आहे," काका म्हणाले. त्यांनी टाकीला हात लावला. दसऱ्याला गाडीची पूजा करताना टाकीवर नवं रेक्झिनचं कव्हर चढवलं होतं, झाकणावरूनही गच्च. काकांनी कव्हर बाजूला सारलं आणि झाकण उघडलं. फुस्स करून आवाज झाला.

"निंगालं तुमचं भूत," काका म्हणाले. "झाकनाले हवेचं भोक असते साहेब. ते बुजलं का पेट्रोल खाली उतरत नाई. तुमी थांबता, थोडी हवा जाते, चालू होते. बाभळीचा का गुन्हा?" आणि पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हाताने काही केलं. सुई घेऊन झाकणाच्या भोकातला हळदीकुंकवाचा लगदा टोकरून काढला. त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. तो दिवस आठवला की मला अजून बरं वाटतं, म्हणून लिहिला.

आता ब्रेकचं.

आमच्या भागात मोटरसायकलचा पुढचा ब्रेक कोणी लावत नाही. लावला की गाडी उलटते, अशी पक्की समजूत. कितीतरी घरांत तो मुद्दाम ढिला करून ठेवलेला असतो. लिव्हर दाबली तरी चाकाला काही कळत नाही. माझ्या गाडीचाही तसाच होता. बाबांनी तसा ठेवायला लावला होता. बाबा कास्तकार, कपाशी, तूर, कालव्याखाली थोडी संत्र्याची झाडं. पूर्वी एकदा मुरमाच्या रस्त्यावर त्यांनी दुसऱ्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक करकचून दाबला होता आणि तोंडावर आपटून दोन दात घालवले होते. माझी गाडी घरी आली त्या दिवशी पेढ्याच्या आधी त्यांनी तेच सांगितलं. "पुढचा बिरेक मले नोको. ढिला करून ठेवजो."

दिवसा गाडी माझ्याकडे असायची, आमचं गाव हिंगणी ते कॉलेज. मी परतल्यावर बाबा ती घेऊन वावरात चक्कर मारायचे. ब्रेक मेलेला असल्यामुळे त्यांची उजव्या हाताची चार बोटं कायम लिव्हरवरच असायची. बैलाचा कासरा धरावा तशी लिव्हर आणि मूठ एकत्र धरायचे. खड्डा आला की सगळं मिळून घट्ट आवळायचे. काही होत नव्हतं, म्हणून सवय लागली.

काकांनी एक दिवस स्टँडवर माझी लिव्हर दाबली. ती सरळ मुठीला टेकली.

"सर, हे का आहे?"

"ब्रेक आहे."

"लागते?"

"मागचा लागतो."

"मी पुढच्याचं इचारून राह्यलो."

"पुढचा लावला की गाडी पलटी होते काका. सगळ्यांना माहीत आहे."

त्यांनी लिव्हर सोडली. स्टँडवर चार-पाच जण होते. "पोट्ट्याईले का शिकवता तुमी? चालती बस झटकन थांबली त मानसं कुठं जाते?"

"पुढे."

"मंग वजन कोन्त्या चाकावर येते?"

कोणीतरी हसलं. आठवी शिकलेला माणूस मला माझाच धडा विचारत होता, आणि उत्तर मला येत होतं. तेच झोंबलं. मी म्हणालो, "काका, तुम्ही बीकर धुवा. अकरावीचं पुस्तक मला शिकवू नका."

त्यांना राग आला असेल तर दिसला नाही. म्हणाले, "नाई शिकवत. पन दोन्ही ब्रेक संगच दाबत जा सर. हळूहळू. झटका देऊ नका. मुरमावर त आनखीन हळू. थांबाले जागा अर्धी लागते."

दुसऱ्या दिवशी घरी निघालो तर पुढचा ब्रेक लागत होता. पुढच्या चाकापाशी ब्रेकच्या तारेच्या टोकाला एक नट असतो, तो कोणीतरी आवळला होता. कोणी, ते विचारायची गरज नव्हती. मी घरी येऊन तो परत सैल केला. मोजले तर चार आटे. दुसऱ्या दिवशी चार आटे घट्ट. संध्याकाळी चार आटे सैल. बाकी कोणाच्या गाडीला पाना न लावणारा माणूस माझ्या गाडीचा हा नट रोज तिसऱ्या तासाला स्वतः आवळायचा. आम्ही दोघं एकमेकांना नमस्कार करायचो, लॅबमध्ये तारा जोडायचो, लोलक टांगायचो आणि या नटाबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत असं चाललं.

मग एका संध्याकाळी गावाच्या अलीकडे वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. त्याच्या मधोमध एक म्हातारी होती. मी दोन्ही ब्रेक दाबले, आणि गाडी म्हातारीच्या लुगड्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. मागच्या एकट्या ब्रेकवर ती थांबली नसती. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती, मी फिजिक्स शिकवतो.

त्या दिवसापासून मी काकांच्या बाजूचा झालो. पण ते मी काकांना सांगितलं नाही. आणि बाबांनाही सांगितलं नाही. काकांना सांगितलं असतं तर स्टँडवरचं ते हसणं खरं ठरलं असतं. बाबांना सांगितलं असतं तर वाद झाला असता, आणि बाबांशी वाद घालायची आमच्या घरात रीत नाही. मग मी मधला मार्ग काढला. सकाळी घराबाहेर पडलो की कोपऱ्यावर थांबून नट चार आटे आवळायचो. संध्याकाळी घरी शिरायच्या आधी तिथेच थांबून चार आटे सैल करायचो. मी माझ्या ब्रेकवर, बाबा त्यांच्या. महिनाभर हे बिनबोभाट चाललं. मला ही माझी हुशारी वाटत होती.

एका शनिवारी मी दुपारीच घरी आलो. डोक्यात तपासायच्या पेपरांचा गठ्ठा होता. कोपऱ्यावर थांबायचं राहिलं. पडवीत पेपर घेऊन बसलो होतो तेव्हा बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आणि मला आठवलं. तेव्हाच आठवलं, नंतर नाही. हाक मारली असती तर बाबांना ऐकू गेली असती. मी मनात म्हटलं, अर्ध्या तासात तर येतील. आणि पुढचा पेपर घेतला.

कालव्याच्या रस्त्यावर उतार आहे, वळण आहे आणि त्यावर नवा मुरूम पडला होता. बाबांनी नेहमीसारखी चार बोटं आवळली.

वर्ध्याला नेलं. तिसऱ्या दिवशी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

गाडी घरी आणली तेव्हा गावातल्या मिस्त्रीने चाक उचलून फिरवून पाहिलं. "पुढचा ब्रेक फुल्ल आवळेल आहे ना भाऊ. कोनं आवळला? तुमचे बाबा त ढिला ठेवत होते." अंगणात माणसं होती. दारात माय होती. आमचे जावई, माझ्या बहिणीचे यजमान, माझ्याकडे पाहून म्हणाले, "कोन हात लावते तुमच्या गाडीले?"

मी म्हणालो, "कॉलेजात एक आहे. सगळ्यांच्या गाड्यांना हात लावतो."

एवढंच बोललो. त्यात एक शब्द खोटा नव्हता म्हणून मला वाटलं, आपण खोटं बोललो नाही. तेरवीनंतर जावई आणि भावकीतले चार जण कॉलेजात गेले. आरडाओरडा झाला. प्राचार्यांनी मला अर्ज द्यायला सांगितला, मी दिला. अक्षर माझं चांगलं आहे.

काकांना केबिनमध्ये बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"तुम्ही सरांच्या गाडीचा ब्रेक आवळत होता का?"

"हाव. आवळत होतो."

"न विचारता?"

"न इचारता."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं का सर?"

काकांनी चांगला डोळा माझ्यावर ठेवला. ते कितीतरी वेळ पाहत होते असं मला वाटलं. तेवढा वेळ झाला नसेल.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी खिशातला पाना काढला आणि टेबलावर ठेवला. कोणी मागितला नव्हता. त्यांना लॅबमधून काढून वर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत बसवलं. "दुसऱ्याच्या वाहनाला हात लावणार नाही" असं लिहून घेतलं. त्यानंतर ते स्टँडवरून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान भिंतीकडे वळवून जायचे. गावात गोष्ट पसरली होती. बाजारात एकाने त्यांना तोंडावर "मानूस मारला तुमी" म्हटलं, असं कानावर आलं. लॅबमध्ये नवीन मुलगा आला. चांगला होता, बीकर नीट धुवायचा. काका निवृत्त झाले त्या दिवशी शाल-श्रीफळ झालं म्हणे. मी रजा टाकली होती.

यंदा उन्हाळ्यात मी गिरडला गेलो. ते तिथलेच, निवृत्तीनंतर गावी परतले होते. टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं घर. अंगणात सायकल उलटी करून रॉकेलच्या चिंधीने चैन पुसत बसले होते. दुसराही डोळा आता अधू झाला आहे. आवाजावरून ओळखलं त्यांनी. सुनेने चहा आणला.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी केबिनमध्ये मी खोटं बोललो. मला माहीत होतं."

"मलेबी माईत होतं."

"काय?"

"तुमाले माईत आहे म्हनून. तो महिनाभर म्या तुमच्या गाडीले हातच लावला नाई सर. रोज तिसऱ्या तासाले जाऊन पाहो, त नट आवळेलच राहे." चैनीवरची चिंधी थांबली होती. "मले लय खुशी होये. म्हनो, सरनं ऐकलं. बोलून नाई दाखवलं, पन ऐकलं."

मी विचारलं, "मग तिथे काऊन नाही बोलले?"

"तुमी बोलसान म्हनून वाट पाहून राह्यलो होतो."

"चुकलं माझं काका."

"हाव, चुकलं." त्यांनी एवढंच म्हटलं. राहू द्या, झालं ते झालं, असं काही म्हणाले नाहीत. चैनीचा एकेक दुवा बोटाने चाचपत राहिले. मग म्हणाले, "मले काऊन सांगता पन? मी त तिथं होतोच. जे नव्हते त्याईले सांगा."

मी घरी आलो. मायने सुपात तूर घेतली होती, खडे वेचत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. कोपरा सांगितला, चार आटे सांगितले, तो शनिवार सांगितला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मला आठवलं होतं, हेही सांगितलं. ते सांगताना माझी नजर सुपात होती.

माझं झाल्यावर माय म्हणाली, "म्हंजे सकाळी तूनंच आवळला."

"हो."

"आन त्या बिचाऱ्यानं नाई."

"नाही."

"सात वर्सं मी त्याच्या लेकराबाळाले शिव्या देल्या." तिने सूप बाजूला सारलं. गुडघ्यावर हात ठेवून उठली, डोक्यावरचा पदर नीट केला. "मले त्याच्या घरी ने. आत्ताच."

मी उठलो, किल्ली घेतली आणि गाडी काढायला दारात गेलो.

"गाडीवर नाई," ती मागून म्हणाली. "गिरडची यष्टी कवा आहे ते पाह्य."